दान आणि त्याची राखण

उज्जयिनीच्या राम घाटावर पहाटेपासून दोन प्रकारची माणसे दिसतात. काही स्नानासाठी आलेली असतात, तर काही आपल्या गेलेल्या माणसांचे ऋण फेडण्यासाठी. शिप्रेच्या ह्या घाटावर प्रभू रामचंद्रांनी दशरथ राजाचे श्राद्ध केले अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि घाटाच्या नावाचा उलगडाही त्या कथेनेच केला जातो. अठराव्या शतकात उज्जयिनी शिंद्यांच्या ताब्यात आली व १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस हलवीपर्यंत ती त्यांची राजधानी होती. त्या काळापासून कितीतरी मराठी घराण्यांनी ह्या पायऱ्यांवर बसून आपल्या पितरांना तिलोदक दिले असेल. घाटावर जे दान चालते त्याची दिशा ठरलेली आहे. मुलगा देतो आणि पित्याला ते पोहोचते.

आज ज्या दानाविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत, त्याची दिशा नेमकी उलटी आहे. येथे आई अथवा बाप देतो आणि मूल घेते. आणि दिले जाते ते स्वतःच्या देहातील एक मूत्रपिंड. काही बालकांची मूत्रपिंडे जन्मतःच अपुरी वाढलेली असतात. काहींच्या मूत्रमार्गात जन्मापासून अडथळा असतो व तुंबलेल्या मूत्राच्या दाबाने मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. काहींना लहानपणी अंगावर सूज आणणारा विकार जडतो व तो औषधांना दाद देत नाही. अशा मुलाचे रक्त यंत्राने शुद्ध करून, म्हणजे डायालिसिसवर, काही काळ काढता येतो. पण त्यावर मूल नीट वाढत नाही. त्याला खेळते, शिकते बालपण परत द्यावयाचे तर दुसऱ्याचे मूत्रपिंड त्याच्या देहात बसविणे हाच आज माहीत असलेला उत्तम उपाय आहे.

परंतु ह्या दानात एक विलक्षण अडचण आहे. आईने जीव ओतून दिलेली वस्तूही मुलाचे शरीर परकी समजून अव्हेरते. हा अव्हेर कसा ओळखला गेला व कसा थोपविला गेला, त्याचा इतिहास पाऊणशे-ऐंशी वर्षांहून फारसा जुना नाही. शस्त्रक्रियेची कथा आपण कौतुकाने ऐकतो आणि शल्यवैद्यांना हार घालतो, ते योग्यच आहे. मात्र रोपण झालेल्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य ज्या गोष्टीवर तोलले जाते ती अगदी साधी आहे. ती म्हणजे रोज ठरल्या वेळी घ्यावयाची गोळी.

ह्या कथेचा आरंभ करण्यासाठी आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. उज्जयिनीचे धनी महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले आणि १७९४ साली वानवडीस त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास पुण्याजवळ एक शस्त्रक्रिया झाली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला होता व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे लिहिलेले आढळते. वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाचे नाक करून ते त्याच्या कपाळावर पसरले, त्याच्या मापाने कपाळाची कातडी सोडविली, दोन डोळ्यांमधला एक पट्टा तसाच जोडलेला ठेवला आणि ती कातडी खाली वळवून नवे नाक घडविले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकाच्या १७९४ सालच्या ऑक्टोबरच्या अंकात ही हकीकत चित्रासह छापली गेली, आणि ती वाचून युरोपातील वैद्य चकित झाले.

त्या अनाम कारागिराचे यश दोन गोष्टींमुळे आले होते. एक त्याच्या हाताचे कसब. दुसरी गोष्ट अशी की कातडी त्याच माणसाची होती. तीच कातडी शेजाऱ्याची असती तर कितीही कुशल हाताने शिवली असती तरी दोन-तीन आठवड्यांत गळून पडली असती. असे का व्हावे, हे त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे कोणास सांगता आले नाही.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. भाजलेल्या माणसांवर उपचार कसे करावेत हा प्रश्न त्या वेळी फार निकडीचा झाला होता. पीटर मेडावर हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगो येथे टॉमस गिब्सन ह्या शल्यवैद्यांबरोबर काम करीत होते. भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर त्यांनी तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे बसविले. ते काही दिवसांनी नष्ट झाले. त्याच भावाच्या कातडीचे तुकडे पुन्हा बसविले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निरीक्षणाचा अर्थ मोठा होता. शरीराला परकी वस्तू ओळखता येते, एवढेच नव्हे तर ती ओळख लक्षातही राहते. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नसत, त्याच्या मुळाशी शरीराची जी शक्ती होती तीच येथे काम करीत होती. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारा पहारेकरी दात्याचे मूत्रपिंडही दारातून आत घेईना. ह्या विषयातील कार्याबद्दल मेडावर ह्यांना १९६० साली ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ बर्नेट ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आईचे मूत्रपिंड मुलाला देण्याचा गाजलेला प्रयत्न १९५२ सालचा आहे. पॅरिसमधील मारियुस रनार हा सोळा वर्षांचा सुतारकाम करणारा मुलगा परांचीवरून पडला. त्याचे मूत्रपिंड फाटले व ते काढून टाकावे लागले. नंतर कळून आले की जन्मापासून त्याला तेवढे एकच होते. त्याच्या आईने आपले मूत्रपिंड देऊ केले. नाताळाच्या सुमारास नेकेर रुग्णालयात प्राध्यापक हँबर्गर ह्यांच्या सहकाऱ्यांनी ते बसविले. नवे मूत्रपिंड काम करू लागले, मुलाला हुशारी वाटू लागली, सारा फ्रान्स त्याच्या वार्तांकडे डोळे लावून बसला. बाविसाव्या दिवशी मूत्रपिंड थांबले आणि थोड्याच दिवसांत मुलगा गेला. शस्त्रक्रियेत काही उणे राहिले नव्हते. आईच्या दानातही नव्हते. पहारेकऱ्याला थांब म्हणणारे औषध तेवढे त्या वेळी जगात कोणाजवळ नव्हते.

दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे ह्यांनी ही अडचण बाजूस सारली. हेरिक आडनावाचे दोन तेवीस वर्षांचे भाऊ एकाच बीजापासून जन्मलेले जुळे होते. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविण्यापूर्वी वैद्यांनी एकाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर टिकते की नाही हे पाहून घेतले होते. ती टिकली, मूत्रपिंडही टिकले, व घेणारा भाऊ पुढे आठ वर्षे जगला. पुण्याजवळच्या कारागिराला जे नाकाच्या बाबतीत साधले त्याचेच हे पुढचे पाऊल होते, कारण जुळ्याचा देह जवळजवळ आपलाच देह होय.

ह्या यशातून एक कठीण प्रश्न निघाला. जुळी भावंडे अज्ञान असतील तर काय करावे? १९५७ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे अशी प्रकरणे आली. त्यांत चौदा वर्षांची मुलेही होती. निरोगी मुलाला ह्या शस्त्रक्रियेपासून शारीरिक लाभ काहीच नव्हता. परंतु जुळे भावंड गेल्यास त्याच्या मनावर होणारा आघात फार मोठा ठरेल, असा विचार करून न्यायालयाने परवानगी दिली. आपल्या देशाच्या कायद्याने ह्याबाबत वेगळी वाट धरली आहे. येथे मूल मूत्रपिंड घेऊ शकते. जिवंत असताना दात्याचे वय मात्र अठरा वर्षांहून कमी चालत नाही.

पण जुळे भावंड हजारांत एखाद्यालाच असते. बाकीच्यांसाठी औषध हवे होते. आधी क्ष-किरणांनी सारे शरीर भाजून पहारेकऱ्याला निपचित पाडण्याचे प्रयोग झाले. त्यांत बहुतेक रोगी जंतुसंसर्गाने दगावले. अखेर वाट सापडली ती मुलांच्या एका दुसऱ्या रोगाच्या औषधातून. न्यूयॉर्कमध्ये काही काळ शाळेत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या गर्ट्रूड एलियन ह्या विदुषी १९४४ साली जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी जे औषध तयार केले, ते पांढऱ्या पेशींची वाढ रोखीत असे. परक्या पदार्थाला विरोध करणाऱ्या पेशी त्याच जातीच्या होत. १९५९ साली सशांवर आणि १९६० साली कुत्र्यांवर प्रयोग होऊन ह्या औषधाचा नवा उपयोग ध्यानात आला. त्याच्याच कुळातील अॅझाथायोप्रीन हे औषध देऊन १९६२ साली मरे ह्यांनी परक्या माणसाचे मूत्रपिंड वर्षाहून अधिक काळ चालविले. पुढल्याच वर्षी डेन्व्हर येथील डॉ. टॉमस स्टार्झल ह्यांनी त्याच्या जोडीला प्रेडनिसोन दिल्यास सुरू झालेला अव्हेरही मागे फिरविता येतो असे दाखवून दिले. एलियन व हिचिंग्ज ह्यांना १९८८ साली आणि मरे ह्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही त्या काळात मृत दात्याकडून मिळालेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे निम्मी पहिल्याच वर्षात निकामी होत. पुढचे साहाय्य आले ते मातीतून. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील एका औषधी कंपनीचा एक कर्मचारी सुटीत नॉर्वेला गेला असता तेथल्या पठारावरची थोडी माती घेऊन आला. त्या मातीतील बुरशीपासून सायक्लोस्पोरीन निघाले. १९७८ साली केंब्रिजचे डॉ. रॉय कॅल्न ह्यांनी ते रोग्यांना दिले आणि १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून टॅक्रोलिमस मिळाले. पूर्वीची औषधे सगळ्या पहाऱ्यालाच झोपवीत. ही नवी औषधे परक्याविरुद्ध हाक देणाऱ्या पेशींना तेवढे आवरतात. आज चांगल्या रुग्णालयांत रोपण झालेल्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिकांची मूत्रपिंडे पहिले वर्ष सुखरूप ओलांडतात. मारियुसचे बावीस दिवस आठवले म्हणजे ह्या आकड्याचे मोल कळते.

आपल्या देशात ह्या कामाचा पहिला प्रयत्न मुंबईस, के. ई. एम. रुग्णालयात, १९६५ साली झाला. मृताचे मूत्रपिंड वापरून केलेला तो प्रयत्न टिकला नाही. जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविले गेले ते १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. पुढे दुर्दैवाने गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा बाजार सुरू झाला. त्यास आळा घालण्यासाठी १९९४ साली संसदेने मानवी अवयवरोपणाचा कायदा केला. असा कायदा व्हावा म्हणून ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, त्यांत हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र व गोवा ही होती. त्या कायद्याने मेंदूच्या मृत्यूला मान्यता दिली व जवळच्या नातलगांची व्याख्या केली. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही त्या व्याख्येत स्थान मिळाले. पन्नाशीची आजी आपल्या नातवाला मूत्रपिंड देऊ शकते, हे त्या दुरुस्तीचे फळ होय.

आता मुलांचा प्रश्न मोठ्यांहून निराळा का, हे पाहू. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. साधारण दहा किलो वजनाच्या बालकाला आईचे पूर्ण वाढलेले मूत्रपिंड बसवावयाचे तर ते पोटातच मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडावे लागते, आणि ते पोसण्याइतके रक्त खेळते राहावे म्हणून मुलाला सतत भरपूर पाणी द्यावे लागते. प्रेडनिसोलोनसारख्या औषधाने उंची खुंटते व चेहरा गोल होतो; म्हणून मुलांत ते शक्य तितके कमी करण्याकडे किंवा बंद करण्याकडे वैद्यांचा कल असतो. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी रोपणापूर्वीच पुऱ्या कराव्या लागतात, कारण नंतर त्या सहसा देता येत नाहीत. आणि एक कोडे असे की, टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरीन ही मूत्रपिंड राखणारी औषधे रक्तात अधिक झाली तर मूत्रपिंडालाच अपाय करतात. कमी झाली तर पहारेकरी जागा होतो. म्हणून रक्त वारंवार तपासून मात्रा ठरवावी लागते. आपल्या कोकणात आवडीने खाल्ले जाणारे पपनसदेखील ह्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते, आणि जुलाब लागले तरी टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढू शकते. कोणाच्या सांगण्यावरून आणलेला झाडपाल्याचा काढा वैद्याला विचारल्यावाचून देणे तर फारच धोक्याचे.

पहारा मंद केलेला असल्यामुळे अशा मुलाला संसर्गाचे भय अधिक असते. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार नेहमीच मनात ठेवावा लागतो. दर बारा वर्षांनी उज्जयिनीस सिंहस्थ भरतो, आणि २०१६ साली राम घाटाने केवढी गर्दी पाहिली ती आपणांस आठवत असेल. नवस फेडण्याच्या भावनेने आई-बाप अशा मुलाला त्या गर्दीत बुडी मारावयास नेतील, तर ती भावना समजण्याजोगी आहे. पण गढूळ पाणी व दाटी ही दोन्ही त्याला वर्ज्य होत. घाटावरील पाण्याऐवजी घरच्या उकळून गार केलेल्या पाण्याने त्याचे स्नान झाले तर देव रागावणार नाही, एवढे कोणीतरी त्या घराला प्रेमाने सांगितले पाहिजे.

परंतु सर्वांत मोठा धोका संसर्गाचा नाही, विसराळूपणाचा आहे. बारा-बारा तासांनी गोळी घ्यावयाची, आणि ती आज, उद्या, परवा, पुढल्या वर्षी व त्याच्याही पुढल्या वर्षी. मूल लहान असते तोवर आई घड्याळ पाहून देते. ते मोठे झाले की गोळी त्याच्या स्वाधीन होते. अमेरिकेतील नोंदींवरून असे दिसून आले आहे की, रोपण झालेल्यांची मूत्रपिंडे १७ ते २४ ह्या वयात सर्वांत अधिक प्रमाणात निकामी होतात. म्हणजे अवघड शस्त्रक्रियेतून वाचलेले, वाढलेले, परीक्षा उत्तीर्ण झालेले मूल वसतिगृहाच्या खोलीत हरते. त्याला बरे वाटत असते. एक गोळी चुकली तर त्या दिवशी काही होत नाही. चेहऱ्यावरून, अंगावर वाढलेल्या केसांवरून वर्गात कोणी चिडविलेले असते. बालवैद्याकडून मोठ्यांच्या वैद्याकडे जाताना ओळखीचा आधारही तुटतो. आणि एकदा गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. आईजवळ देण्यासारखे दुसरे नसते.

आमच्या व्यवसायाचे कर्तव्य येथे सुरू होते. अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ बाळगू द्यावी. लघुशंकेस जाण्याची परवानगी मागावयास लावू नये. वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच्या घरी त्याच दिवशी कळवावे. पोटावर मार बसेल असे खेळ सोडून इतर खेळांत त्याला घ्यावे, कारण खेळता यावे म्हणूनच हा सारा खटाटोप झालेला असतो. त्याच्या गोल चेहऱ्यावरून कोणी नाव ठेवले तर तेथल्या तेथे थांबवावे. त्या एका नावापायी मुलाने गोळी टाकून देण्याचा संभव असतो.

समाजालाही दोन गोष्टींचा विचार करावा लागेल. शस्त्रक्रियेच्या खर्चास महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेचे साहाय्य मिळू शकते. पण औषधांचा खर्च दर महिन्यास येतो व तो थांबत नाही. शेतमजुराच्या घरी गोळी चुकते ती विसरल्यामुळेच असे नाही. पुष्कळदा पैसे नसल्यामुळे चुकते. दुसरी गोष्ट बोलावयास अधिक जड आहे. आपल्या देशात मूत्रपिंड देणाऱ्या नातलगांत स्त्रियांचा भरणा अधिक, आणि घेणाऱ्यांत पुरुषांचा अधिक. मुलग्यांत मूत्रमार्गाचे काही जन्मजात दोष अधिक असतात हे खरे. तेवढ्याने हा सगळा फरक भरून निघत नाही. मुलीसाठी घर तितक्याच तत्परतेने उभे राहते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

लहानपणी बसविलेले मूत्रपिंड सहसा जन्मभर पुरत नाही. आठव्या वर्षी मिळालेले दान पंचविशी-तिशीपर्यंत राखले गेले, तर पुढे दुसरे मिळण्याची आशा धरता येते; आणि ते बहुधा मृत दात्याकडूनच यावे लागते. त्यासाठी अवयवदानाची इच्छा घरच्यांच्या कानावर घालून ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे. तोपर्यंत जे मिळाले आहे त्याची राखण करावयाची. आपल्या नात्यात, आळीत किंवा शाळेत असे एखादे मूल असेल, तर त्याला संध्याकाळी आठ वाजता, कौतुकाने व कंटाळा न करता, "गोळी घेतलीस ना?" एवढे जरूर विचारावे.